खिळेमावशीच्या हरवलेल्या ओळी

आमच्या भाडेकरू संघटनेचं कार्यालय सायकलच्या दुकानावर आहे. जिना लोखंडी. अध्यक्ष चढतात तेव्हा तो कण्हतो. मी चढते तेव्हा, खालच्या सायकलवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे, तो शिव्या खातो. खिळेमावशी चढते तेव्हा मात्र काहीच ऐकू येत नाही, एकदम टायपिंगच सुरू होतं.

खिळेमावशी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. परकरातून साडीत आली तेव्हापासून ती छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायची. एक खिळा म्हणजे एक अक्षर, तेही उलटं. पुढे खिळे भंगारात गेले आणि जुळवणारेही त्यांच्यामागे घरी गेले. ही गेली नाही. कीबोर्ड शिकली. आज आमचं पत्रक असो, नोटीस असो की नळाला पाणी नाही म्हणून केलेला अर्ज, सगळं तिच्या बोटांतून उतरतं. नजर हस्तलिखितावर, बोटं कीबोर्डवर. परिच्छेद संपल्याशिवाय मान वर होत नाही. पडद्याकडे बघत टाइप करणाऱ्यांना ती हसते. म्हणते, "खिळे जुळवताना मी दर अक्षराला छापून बघत होते काय?"

घरी ती आणि तिची मोठी बहीण, दोघीच. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच हिला वाढवलं. आता आक्काला विसर पडतो. साधासुधा नव्हे. चपला फ्रीजमध्ये ठेवते, मावशीला कधी आई म्हणते, कधी "अहो बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारते. मावशी कामावर असते तेवढा वेळ शेजारीण जाऊन बसते. संध्याकाळी मावशी घरी गेली की गॅस, गोळ्या, दाराची कडी, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर.

आता कॉम्प्युटरचं सांगते. आमच्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे. माझाच हट्ट. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही असं यंत्र घरात घ्यायचं नाही, हे माझं तत्त्व आहे, आणि ते शिकवायला मला कुठलं कॉलेज लागलं नाही. उन्हाळ्यात आमचा जुना डबा बसला. दुसऱ्या शाखेने त्यांच्याकडचा जादाचा पाठवून दिला, त्यातही लिनक्सच. वायरी जोडल्या, मराठी कीबोर्ड चालू केला, मावशी बसली, काम सुरू.

त्यानंतर आला तो श्रद्धांजलीचा कागद.

चाळीतले जुने पेन्शनर आजोबा गेले. मावशीने दोन शब्द टाइप केले, मी वाचले, चांगले होते. त्याच दिवशी तिने पाण्याच्या मोर्चाचं पत्रकही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शोकसभेच्या दारात प्रत्येकाच्या हातात छापील कागद होता आणि शेवटची ओळ अशी होती: "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो, अन्यथा मंगळवारी पाणी कार्यालयावर धडक मोर्चा नेण्यात येईल."

आजोबांची मुलगी रडता रडता हसली. म्हणाली, "बाबांना आवडलं असतं." पण अध्यक्षांना आवडलं नाही. कार्यालयात येऊन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मावशींचं वय झालं आता. कोणीतरी तरुण बघा."

"वय तुमचंही झालंय," मी म्हणाले. "तुमच्या जागी कोणी बघू का?"

"तू लगेच भडकतेस."

"मग काय आरती ओवाळू?"

अध्यक्ष गेल्यावर मावशीने कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. कार्यालयाची किल्ली. अध्यक्षांकडेसुद्धा नसते ती.

"ते बरोबर बोलले, भडकू," ती म्हणाली. मला ती भडकूच म्हणते. "हे एकदा झालेलं नाही. गेले कितीतरी दिवस होतंय. मी ओळ टाइप करते, मान वर करते, तर ओळ नाहीच. मग वाटतं, केलीच नसेल. परत करते. आणि मग तीच ओळ भलत्याच कागदात सापडते. मीच लिहिलेली, पण तिथे कधी लिहिली ते आठवत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आक्काचंही असंच सुरू झालं होतं. भाजीत मीठ घातलं का नाही ते आठवायचं नाही." तिने पदराने आधीच स्वच्छ असलेला कीबोर्ड पुसला. "भाच्याला कळवलंय. रविवारी गाडी घेऊन येतोय. आक्काला एका वृद्धाश्रमात ठेवतो म्हणाला. गॅस बंद केला का नाही हे दोघींनाही आठवलं नाही तर? एक विसरली तर दुसरी असते. दोघी विसरल्या तर कोण?"

मला राग आला की आधी कान तापतात. तापले. पण कोणावर ओरडू? आक्काला वृद्धाश्रमात ठेवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आक्का हिला ओळखत नसली तरी हिच्या हाताशिवाय जेवत नाही.

आयुष्यभर घरमालकांशी भांडून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नळाला पाणी नसलं की ते म्हणतात, तुम्हाला नळ उघडता येत नाही. भिंतीला ओल आली की, तुम्हीच ओले कपडे वाळत घालता. बिघडतं त्यांचं आणि खुलासा द्यायचा वापरणाऱ्याने. यंत्रही मालकाच्याच जातीचं.

"रविवारला अवकाश आहे," मी म्हणाले. "बस इथे. आधी ह्याला बघू, मग तुझ्या डोक्याला."

सगळं केलं. कीबोर्ड बदलला. माउस पुसला, मग दुसरा लावला. सेटिंग्जमध्ये शिरून बाणाचा वेग कमी केला, डबल क्लिक सैल केलं. लिनक्समध्ये सगळं उघडं असतं, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा छळ. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून माळ्यावर. मग मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली, मोर्चाचं हस्तलिखित हातात धरलं आणि वाचून दाखवायला लागले. ती टाइप करत गेली. अख्खं पान झालं. एक काना इकडचा तिकडे नाही.

"बघ," ती म्हणाली. तिला आनंद नव्हता झाला. "कधी चालतं, कधी नाही. आक्काचंही तसंच."

तेवढ्यात पाणी कार्यालयातून फोन आला. कागद टेबलावर टाकून मी खिडकीशी गेले आणि तिथल्या साहेबाला पाणी म्हणजे काय असतं ते समजावून सांगू लागले. सायकलवाला सांगतो, खाली गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. मागे टायपिंग चालू होतं. मग थांबलं.

"गेली," मावशी म्हणाली. "परत गेली ओळ."

मी फोन आपटला, परत शेजारी बसले, कागद धरला. पुन्हा सगळं ठीक. पुन्हा फोन, पुन्हा मी खिडकीशी, पुन्हा ओळ गायब.

सायकलवाला मोर्चाची पत्रकं न्यायला वर आला होता. दारात उभा राहून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ही बसली की यंत्र सरळ, ही उठली की वाकडं. आमच्या दुकानात पण असंच होतं, सायकलचा मालक आला की सगळी चाकं सरळ."

"गप रे," मी म्हणाले. पण डोक्यात काहीतरी अडकलं. मी उठल्यावर खोलीत बदलतं काय? मी. माझा आवाज. आणि कागद! मी बसले की कागद माझ्या हातात. मी उठले की तो तिच्याकडे.

मी फोन कानाला लावला. कोणाचाही आला नव्हता. खिडकीशी जाऊन ओरडायला लागले, "साहेब, तुमच्या घरी येतं का हो पाणी?" आणि तिरक्या नजरेने तिचे हात बघत राहिले.

तिने कागद कीबोर्डच्या उजवीकडे मांडला. त्यावर पितळी पट्टी ठेवली. ही पट्टी छापखान्यातली, ओळींमध्ये घालायची, निघताना तिने मागून घेतलेली. एक ओळ झाली की पट्टी एक ओळ खाली. नजर ओळ चुकत नाही. टेबल अरुंद, पट्टी लांब. पट्टी खाली आली की तिचं टोक माउसला लागत होतं. माउस जरासा सरकायचा. एवढासाच. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या; बाण मात्र डावीकडच्या, मोर्चाच्या खिडकीतून घसरून उजवीकडच्या खिडकीत गेला. तिथे श्रद्धांजलीचा कागद उघडा होता, दुरुस्त करून पुन्हा छापायला. मावशी खाली मान घालून टाइप करतच होती. आणि अक्षरं टपटप आजोबांच्या श्रद्धांजलीत पडत होती.

"थांब!" मी अशी ओरडले की सायकलवाल्याच्या हातातला गठ्ठा सुटला. "मान वर कर! हात तिथेच ठेव, मान वर कर!"

तिने मान वर केली. "ही ओळ... इथे?"

"तू क्लिक केलंस?"

"मी कशाला क्लिक करू? मी टाइप करत होते."

"तेच! तेच तर!"

मला सेटिंग सापडायला मग वेळ लागला नाही. माउसच्या पानावर नव्हतीच ती, खिडक्यांच्या पानावर होती. मी आपली चुकीच्या घराची कडी वाजवत होते. फोकस फॉलोज माउस. म्हणजे बाण ज्या खिडकीवर, टाइप केलेलं तिथे. क्लिक लागतच नाही. आधीच्या शाखेत बसणाऱ्याला तशी सवय असेल, त्याने लावून ठेवलं आणि ते तसंच आमच्याकडे आलं. जुन्या डब्याच्या वेळीही मावशीची पट्टी माउसला लागतच होती. पण तिथे क्लिक केल्याशिवाय खिडकी बदलत नव्हती, म्हणून कधी काही बिघडलं नाही.

मी हे सगळं एका श्वासात सांगितलं. मावशी हसेल, निदान "अगं बाई" म्हणेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "परत कर."

"काय?"

"परत चुकव. मला बघायचंय."

तिने पट्टी सरकवली. बाण घसरला. तिने एक अक्षर टाइप केलं, ते उजवीकडे पडलं. बाण हाताने डावीकडे नेला, दुसरं अक्षर डावीकडे पडलं. पट्टी, उजवीकडे. हात, डावीकडे. बराच वेळ ती ते करत राहिली. खिळा खोटा निघाला तर तो बोटांत फिरवून बघावा तशी.

"म्हणजे मी ओळ टाइप केली होती," ती म्हणाली.

"केली होती."

"दरवेळी."

"दरवेळी. तुला आठवत होतं ते खरं होतं."

मग तिचा चेहरा सैल पडला. रडली नाही. खुर्चीला पाठ टेकली, एवढंच. इतक्या वर्षांत मी तिला पाठ टेकून बसलेली पाहिली नव्हती.

"आता बदल ते," मी म्हणाले, "क्लिक टू फोकस कर."

"तू सरक. मी करते." तिने स्वतः माउस धरला, स्वतः खूण बदलली, आणि पट्टी घेऊन माउसला चांगला दणका दिला. बाण उजवीकडे गेला. तिने टाइप केलं. अक्षर डावीकडेच उमटलं.

"बस तिथेच," ती माउसला म्हणाली. "हिंडायचं तेवढं हिंड. लिहायचं मी."

सायकलवाला खाली वाकून पत्रकं गोळा करत होता. "मावशी, मला तर वाटलं भूत आहे."

"भूत नव्हे रे, मागच्या भाडेकरूचं सामान राहिलं होतं."

मग तिने भाच्याला फोन लावला. पलीकडून तो गाडीचं, वेळेचं काहीतरी बोलत होता. ही ऐकून घेत होती, आणि मग मध्येच म्हणाली, "अरे, आणू नकोस गाडी. ... नाही, आक्का कुठे जात नाही. ... कारण मी ठीक आहे म्हणून. ... हो, तपासलं. ... कोणी म्हणजे? आमच्या भडकूने. डॉक्टर नाही ती, पण तिच्यापुढे काही लपत नाही. ... ये की रविवारी. नुसता ये. जेवून जा. आक्का तुला ओळखणार नाही, पण वाढेल."

फोन ठेवून तिने पदर खोचला, टेबलावरची किल्ली उचलली, कमरेला लावली आणि कोणाला काही न सांगता जिना उतरून गेली. आवाज नाही.

मी श्रद्धांजलीतली चुकीची ओळ पुसत होते, तेवढ्यात दारात ती पुन्हा उभी. डोळे बारीक केलेले.

"चष्मा राहिला गं."

मी पुसायची थांबले आणि तिच्याकडे बघतच राहिले. ती ओळखून हसली. टेबलावरून चष्मा घेतला, नाकावर चढवला.

"अशी काय बघतेस? हे माझंच. चष्मा मी खिळ्यांच्या काळापासून विसरते," ती म्हणाली. "चल, निघते. आक्का वाट बघत असेल. कोणाची ते तिला ठाऊक नसेल, पण बघत असेल."