फळ तेवढं चालतं

आमचे दाजी दारात आलेल्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायचे नाहीत. तो चपला काढतोय तोवर विचारायचे, ‘काय खात न्हाय, ते आदी सांगा.’ काय खाणार, हे कुणीही विचारतं. काय खात नाही, हे विचारणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. मला विचारलं तेव्हा मी छाती फुगवून ‘सगळं खातो’ म्हणालो. दाजी हसले. ‘सगळं खानारं पावणं आमच्याकडं कमीच येत्यात, मेवणे.’ यात टोचण्यासारखं काय होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. माझं असंच आहे. ताटातलं लगेच कळतं, बोलण्यातलं उशिरा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, राहायला सोलापुरात. ते बौद्ध. आम्ही सांगोल्याकडचे, मेंढरं विकून भवानी पेठेत टॉवेलचं दुकान टाकलेले. ताईनं लग्न ठरवलं तेव्हा आमचे वडील, आबा, ओरडले नाहीत की हात उगारला नाही. लग्नाला आले, फुलं टाकली, जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि पंगत बसायच्या वेळी त्यांना अचानक दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली.

तेव्हापासून आबांचं आणि दाजींच्या चुलीचं एक शीतयुद्ध चालू झालं. आबांकडे शस्त्रं भरपूर. ‘लेकीच्या घरी नातवंड होईस्तोवर जेवत न्हाईत,’ हे पहिलं. रीतच ती, कोण काय बोलणार? वर्षभरात ताईला मुलगी झाली. दाजी पेढे घेऊन आले, ‘मामा, आता या जेवायला.’ आबा म्हणाले, ‘नात झाली. नातू कुटं झाला?’ मग उपवास निघाले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. दाजींनी मुद्दाम बुधवार गाठला, तर डॉक्टरांनी बुधवारीच तेल बंद केलं होतं.

पण पाहुणा उपाशी कसा जाणार? ‘फळ तेवढं चालतं,’ आबा म्हणायचे. ताई सफरचंद कापायला बसली की, ‘कापू नको. केळं दे.’ आणि ते स्वतः सोलायचे. सोलून, साल नीट घडी घालून ठेवायचे. एकदा त्यांना रिक्षात बसवून आल्यावर दाजी मला म्हणाले, ‘देवानं केळ्याला साल उगाच दिल्याली न्हाय, मेवणे. त्याला तुमचे आबा ठावं असनार.’ मी खो खो हसलो. ताई हसली नाही.

त्या केळ्यातूनच दाजींची फळातली कोंबडी निघाली. काठ उचललेला लोखंडी तवा, त्यात शेंगदाण्याचं तेल. कोंबडीला आधी काळं तिखट, लसूण आणि डाळिंबाचा रस चोळून ठेवायचा. तुकडे खरपूस झाले की त्याच तेलात उभा कांदा, चिमूटभर गूळ आणि शेवटी मूठभर काळी द्राक्षं. द्राक्षं तव्यावर टरटरून फुगायची. ‘फुटाया लागली की उतरवायची, फुटू द्यायची न्हाईत,’ असं म्हणत दाजी तव्यावर कान लावल्यासारखे वाकायचे. वरून डाळिंबाचे दाणे, सोबत ज्वारीची भाकरी. आधी तिखट झणकायचं, मग गोडसर आंबट रस घशाखाली उतरायचा.

मी ही कोंबडी घरी एकदा करून पाहिली. द्राक्षं आधी टाकली आणि गूळ ‘अंदाजाने’. दाजींनी एक घास खाऊन विचारलं, ‘मेवणे, ह्यो मुरंबा कोंबडीनं घातलाय का कोंबडीचा घातलाय?’

पहिल्यांदा ती कोंबडी त्यांनी आबांपुढे ठेवली तेव्हा मी तिथेच होतो. ‘मामा, फळ चालतं न्हवं? फळच हाय की. मदी एखादा तुकडा कोंबडीचा घावला तर बाजूला सारा.’ बोलत होते चेष्टेनं, पण वाढताना एकेक चांगला तुकडा निवडून घालत होते. आबांनी ताटाकडे पाहिलं. वास त्यांच्याही नाकात शिरला असणार. ‘गोड का तिखट हे?’ आबा म्हणाले. ‘धड गोड न्हाय, धड तिखट न्हाय. असलं मला पचत न्हाय.’ आणि खिशातून बडीशेप काढून खाल्ली.

इथे माझ्या डोक्यात कल्पना आली. माझ्या डोक्यात कल्पना येते तेव्हा घरातल्यांनी भांडी उचलून ठेवावीत. आबांना ताप येऊन गेला होता, तोंडाला चव नव्हती. मी दाजींकडून डबा भरून आणला आणि सांगितलं, ‘स्टेशनजवळ नवीन हॉटेल निघालंय.’ आबांनी दोन भाकरी खाल्ल्या, डबा बोटानं पुसून घेतला आणि म्हणाले, ‘हाटेलवाल्याच्या हाताला चव हाय बाबा.’

रिकामा डबा ढालीसारखा मिरवत मी दाजींकडे पळालो. ‘दाजी, खाल्लं आबांनी! बोटं चाटली!’

दाजी ताडकन उठले. तोंडावर असा उजेड पडला की बस. ‘काय म्हनले?’

‘म्हणाले, हॉटेल एक नंबर आहे.’

‘हाटेल?’

मी सगळी युक्ती रंगवून सांगितली. दाजी खाली बसले. ‘म्हंजे हाटेलवाल्याचं खाल्लं की. मी जावई हाय, मेवणे. जावयाचं कुटं खाल्लं?’

‘आत्ता जाऊन सांगतो खरं काय ते.’

‘नगं,’ ते घाईनं म्हणाले. ‘सांगितल्यावर त्यांनी बोटं घालून वकलं, तर? न्हाई माहीत, तेच बरं हाय.’

त्यानंतर आबा आले की दाजी ‘काय खात न्हाय’ विचारेनासे झाले. आबा टेकायच्या आत पुढ्यात केळी ठेवायचे आणि आपण बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आबांना वाटायचं, जावई सुधारला. ‘लई मान ठेवतो आता,’ असं पेठेत सांगायचे.

मागच्या उन्हाळ्यात वर्कशॉपमधून परतताना दाजींच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. ते गेल्यावरच्या जलदान विधीला आबा आले, शेवटपर्यंत बसले, रडलेही. जेवले नाहीत.

परवा ताई आमच्याकडे आली होती. आबा अंथरुणातच असतात हल्ली. मला म्हणाले, ‘तोंडाला चव न्हाय रं. त्या हाटेलातली द्राक्षांची कोंबडी आन की.’ मी सवयीनं तोंड उघडलं, हॉटेल बंद पडलं म्हणून सांगायला. ताई माझ्या आधी बोलली. शांतपणे. ‘हाटेल न्हवतं, आबा. ह्यांनी केल्याली ती.’

आबांनी मान तिच्याकडे वळवली. तोंडातल्या तोंडात त्यांची जीभ फिरली. मला वाटलं, आता ढसाढसा रडतील. मी मूर्खासारखा पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला.

आबांनी तो बाजूला सारला. ‘तरीच,’ म्हणाले. ‘मीठ जरा जास्तच हुतं.’