ओहोळांच्या पाटीवरील चार अक्षरे

फिलिप ओहोळ रस्त्यावरची पाटी वाचत नसत; ते तिच्यावर जप्ती आणत. पाटस गावाच्या इंग्रजी पाटीसमोर एसटी थांबली की पी, ए, टी, एस ही अक्षरे ते ताब्यात घेत आणि बस सुटायच्या आत ती चारही ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द बोटांवर मोजून दाखवत : स्टॅम्प, हॉस्पिटल, पासपोर्ट. एकदा मी ‘पोस्टर’ सुचवला. त्यांनी माझ्याकडे अत्यंत खेदाने पाहिले. “त्यात ए कुठं हाय, नाझर? गैरहजर पक्षकाराला हजर दाखवताय व्हय?”

शिरूरच्या न्यायालयात ते लघुलेखक होते आणि मी नाझर, म्हणजे समन्स-जप्त्यांचा कारभार पाहणारा. त्यांचा नियम एकच होता. “दिलेलं अक्षर सोडायचं न्हाई. वाढीव कितीबी घ्या.” हा नियम ते केवळ शब्दांना लावत नसत. भांडगावची एक म्हातारी बांधाच्या दाव्यात साक्षीला उभी होती. बांधाविषयी बोलताना ती पुन्हा पुन्हा आपल्या मेलेल्या शेळीवर येई. न्यायाधीशांनी ओहोळांना जबाब टंकायला सांगताना शेळी वगळली. ओहोळांची बोटे यंत्रावर थांबली. “साहेब, शेळीचं राहिलं.” तिचा दाव्याशी काय संबंध, असे साहेबांनी विचारले. “संबंध न्हाई. पण तिनं दिलंय.” शेळी त्या जबाबात आजही आहे.

निवृत्तीनंतर मी दौंडला राहायला गेलो. ओहोळ शिरूरच्या मिशन वस्तीतील आपल्या दोन खोल्यांत राहिले, कारण वस्तीमागच्या दफनभूमीत त्यांच्या पत्नीची कबर होती आणि तिच्याशेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी मागून ठेवली होती. दर सोमवारी मी पोस्टकार्डावर चार अक्षरे कळवायची, त्यांनी परतटपाली शब्द पाठवायचे. हरकत असल्यास ती लेखी आणि सात दिवसांच्या आत. फोन दोघांकडेही होता. फोनवरचा जबाब ग्राह्य धरायचा नाही, असे आमचे ठरले होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग आणि वाचा गेली. रुग्णालयाच्या कागदावर ‘रुग्णास बोध नाही’ असे लिहून आले. या वाक्यास मी आजही हरकत घेतो. त्यांची एकुलती मुलगी मार्था नाशिकला परिचारिका आहे. ती त्यांना कायमचे तिकडे नेणार होती. तुम्हाला जायचे आहे का, असे मी ओहोळांना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्टपणे नकारार्थी मान हलवली. मार्था म्हणाली, ते आता सगळ्यालाच तशी मान हलवतात.

मान हा पुरावा होत नाही, हे मलाही मान्य होते. म्हणून मी पाटी आणि खडू नेला, वर सुरुवातीला तीनच अक्षरे लिहिली आणि पाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. अर्ध्या तासात त्यांनी सहा शब्द काढले. मी त्या दिवसापासून रुग्णालयाच्या प्रमुखांना तीन पत्रे पाठवली, प्रती सिव्हिल सर्जन आणि जिल्हाधिकारी यांना. ज्याला बोध आहे त्याचे घर त्याच्या संमतीवाचून बंद करता येणार नाही, असे मी ठणकावून लिहिले. अखेर फेरतपासणीसाठी एका दुपारी एक तरुण डॉक्टर घरी आले.

मी पाटीवर टी, आर, एन, एस अशी सोपी अक्षरे लिहिली आणि माझे निवेदन वाचायला घेतले. ओहोळांनी पाटीकडे एकदा पाहिले. मग ते दाराकडे पाहू लागले. आठवड्याची पाळी संपवून, रात्रभर प्रवास करून आलेली मार्था उंबऱ्याशी औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. तिची मान एका बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडे होते. गेले चार महिने दर आठवड्याला ती अशीच येत होती. माझ्या तीनही पत्रांत तिचा उल्लेख ‘सदर मुलगी’ एवढाच होता. ओहोळ बराच वेळ पाहत राहिले. नंतर त्यांनी खडू गोधडीवर ठेवला.

डॉक्टर दहा मिनिटे थांबले. मी आणखी दहा मागून घेतली. शेवटी ते म्हणाले, “काका, राहू द्या आता.” मी आवाज चढवला, त्याने मार्थाला जाग आली. ती उठली नाही. “काका, मी त्यांना टाकायला न्हेत न्हाई,” एवढेच म्हणाली. ‘बोध नाही’ या कागदावर डॉक्टरांची सही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने अपिलाचा मसुदा घेऊन पोहोचलो. बाहेर गाडी उभी होती, मार्था सामान ठेवत होती. ओहोळांनी हाताने पाटी मागितली. कालची अक्षरे तशीच होती. त्यांच्या खाली त्यांनी वाकड्या अक्षरांत चार शब्द लिहिले : मिनिस्टर, इंटरेस्ट, इन्स्ट्रुमेंट, रजिस्ट्रेशन. मी प्रत्येक शब्द तपासला. चारही अक्षरे सर्वत्र हजर होती. त्यांत माझ्यासाठी काही निरोप आहे का, तेही शोधले. नव्हता. मी पाहून झाल्याची खात्री होताच त्यांनी डाव्या बाहीने पाटी स्वच्छ पुसली आणि माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात मार्था आत आली. निघू या का, तिने विचारले. मी होय म्हणालो.

चार महिन्यांनी ते नाशिकला वारले आणि तिथेच पुरले गेले. फोन आला तेव्हा मला काही वाटले नाही; अजूनही वाटत नाही. शिरूरला पत्नीशेजारची जागा रिकामी आहे. मी दर सोमवारी दौंडच्या पोस्टात जातो आणि रस्ता, पाणी, पथदिवे यांविषयीची माझी पत्रे टाकून येतो. अपिलाचा मसुदा फाइलमध्ये आहे. त्यात ‘साक्षीदार’ या शब्दापुढे मी माझेच नाव लिहिले होते. ते मी खोडलेले नाही.