मंदाकाकूंचं नाटक आणि माझं नोफेल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या दिवशी आमचं अर्धं पार्सिपनी गाव हॉलमध्ये होतं, म्हणजे थोडंफार तुमच्या कानावर आलं असणारच. तेव्हा म्हटलं, माझ्याच तोंडून ऐका. निदान मी स्वतःला जरा बरी तरी दाखवीन.

तर इथल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला मुलांचं नाटक असतं आणि ते दरवर्षी मंदाकाकू बसवतात. इथे जन्मलेल्या पोरांकडून मराठी वाक्यं पाठ करून घ्यायची, तीही हावभावासकट! तुम्ही करून बघा एकदा. पण या वर्षीचं नाटक काकूंचं शेवटचं. गुडघे दुखतात, बर्फ सोसत नाही, म्हणून त्या मुलाकडे टेक्ससला कायमच्या निघाल्यात. मग ठरलं, की त्यांच्या सेंड-ऑफला नाटकाचं रेकॉर्डिंग मोठ्या स्क्रीनवर लावायचं.

शूटिंग मंडळाच्या कॅमेऱ्यावर झालं. आता ते नीट सांभाळणार कोण?

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं. "मी आयटीत आहे."

या वाक्याने अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं किती नुकसान केलंय, कुणीतरी एकदा मोजायला हवं.

माझ्याकडे एक जुना कम्प्युटर आहे, लिनक्सवाला. त्याला एक्स्टर्नल ड्राइव्ह लावलाय, त्यात ईशाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, बारशापासूनचे सगळे फोटो. लिनक्समध्ये सिस्टमडी नावाचा एक मॅनेजर असतो. कम्प्युटर सुरू झाला की कुणाला उठवायचं, कुठला ड्राइव्ह कुठल्या फोल्डरवर जोडायचा, म्हणजे माउंट करायचा, सगळं तो बघतो. आपण फक्त लिहून द्यायचं. मी लिहून दिलं होतं, की हा ड्राइव्ह ‘फोटो’ नावाच्या फोल्डरवर जोडत जा. ऑफिसात मी हेच काम करते. नवीन पोरांना शिकवते सुद्धा, चांगलं तासभर लेक्चर देऊन!

पण हा मॅनेजर भलताच कर्तव्यदक्ष. ड्राइव्ह दिसला नाही, की कम्प्युटरला पुढे सरकूच द्यायचा नाही. वाट बघत बसायचा आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी म्हणून बोंब मारायचा. मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, एक अख्खी क्रिकेट मॅच त्यात गेली. मग मी त्या सेटिंगमध्ये एक शब्द घातला. नोफेल. म्हणजे ड्राइव्ह नसला तरी गप्प राहा आणि पुढे चल. काय खूश होते मी स्वतःवर!

नाटक झालं, कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी मी सगळं ‘फोटो’ फोल्डरमध्ये कॉपी केलं. त्यातच ईशाच्या फोनमधले आमच्या गौरींचे व्हिडिओही टाकले. आणि मग, ऐका हं, कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळी झाले. का? तर भोंडल्याच्या शूटिंगला रिकामं हवं. शिस्त म्हणजे शिस्त.

पुढच्या वीकेंडला मिलिंदने सजावट उतरवली, टेबल जागेवर सरकवलं, वायरी लावल्या, कम्प्युटर पुन्हा सुरू केला. दोन दिवसांनी मी काकूंसाठी कॉपी काढायला फोल्डर उघडला. बारसं आहे. नायगरा आहे. ईशाचे पडलेले दात आहेत. नाटक नाही.

नाही म्हणजे नाहीच! ट्रॅशमध्ये नाही, सर्चमध्ये नाही, कुठेच नाही.

मी मिलिंदला विचारलं, तू काय केलंस? तो म्हणाला, काही नाही, ड्राइव्हची वायर निघालेली होती, ती परत लावली. निघालेली? आपोआप कशी निघेल? म्हणजे तूच ओढाताण केलीस! तो बिचारा म्हणत होता, की अगं मी लावली, काढली नाही. पण मी निकाल देऊन मोकळी झाले होते. ड्राइव्हला धक्का लागला, डेटा गेला, आरोपी मिलिंद.

तेवढ्यात काकूंचाच फोन. झालं का गं तयार, म्हणून. मी म्हटलं, होतंय काकू, जरा फिनिशिंग चाललंय. त्यावर त्या म्हणाल्या, "सावकाश कर. मला कसली घाई? मी कायम विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी असते ना, इतकी नाटकं बसवली, पण समोर बसून एकही बघितलं नाही. या वेळी खुर्चीत बसून बघणार."

सांगा, यानंतर घास उतरतो का घशाखाली?

मग मी सगळ्या आईबापांना मेसेज टाकला, की फोनवर जे असेल ते पाठवा, स्पेशल एडिटिंग करतेय. आलं ढीगभर! पण प्रत्येकाने फक्त आपापलं पोर घेतलेलं. राजाचं भाषण होतं, तर त्यात राजाचा नुसता कोपर, कारण शूटिंग प्रधानाच्या आईचं. पूर्ण नाटक एकाच फोनवर सापडलं, ते झाडाच्या बाबांच्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत झाडाचा क्लोजअप घेतला होता. तेही जोडून बघितलं मी. झाड अप्रतिम होतं. पण नाटक एका झाडाच्या एकटेपणावर आहे असं वाटत होतं.

गुरुवारी मी हात टेकले. ड्राइव्ह सोडवून रिकव्हरीवाल्यांकडे पाठवायचा आणि काकूंना फोन करून खरं सांगायचं. संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, मी मॅनेजरला हुकूम दिला, की माउंट थांबव. त्याने ड्राइव्ह सोडला. मग नुसत्या सवयीने मी ‘फोटो’ फोल्डरमध्ये डोकावले. आता ड्राइव्हच नाही, म्हणजे तो रिकामा असायला हवा, हो ना?

आत नाटक होतं! अख्खं! कोपर नाही, पूर्ण राजा!

मी अशी किंचाळले, की ईशा वरून धावत आली. "मॉम, आर यू क्रायिंग ऑर लाफिंग?" दोन्ही गं बाई, दोन्ही.

झालं होतं असं. मी कॉपी केलं तेव्हा ड्राइव्हची वायरच निघालेली होती, आणि मी फोल्डरात डोकावलेही नव्हते. पण नोफेल! मॅनेजर एक अक्षर बोलला नाही. त्यामुळे नाटक ड्राइव्हवर न जाता कम्प्युटरच्याच पोटात, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं. नंतर वायर लागली आणि ड्राइव्ह त्याच फोल्डरवर येऊन पसरला. पाहुणे येणार म्हणून आपण चादरीवर दुसरी चादर घालतो ना? खालची कुठे जात नाही, फक्त दिसत नाही. आणि मी खालची चादर चोरीला गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

खरं सांगते, त्या दिवशी वरण-भात असा लागला, की विचारू नका.

शनिवारी सेंड-ऑफ. ‘फोटो’ फोल्डरमधलं सगळं होतं तसं पेनड्राइव्हवर घेतलं, पुन्हा पाच ठिकाणी कॉपी काढल्या आणि निघालो. जीव भांड्यात पडला, की माणूस फार बोलतो. मी माइक घेतला आणि सगळ्या हॉलला किस्सा सांगितला. सजावट लावताना मिलिंदने वायर कशी ओढली असणार, नाटक कसं गायब झालं, मी ते कसं शोधलं. लोक मिलिंदकडे बघून हसत होते. तो समोसा खात होता.

नाटक सुरू झालं. काकू पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते, समोर बसून सुद्धा प्रॉम्प्टिंग चालूच! शेवटी मुलं वाकून नमस्कार करतात तिथे त्यांनी पदर डोळ्यांना लावला. टाळ्या थांबेनात. मीही रडले.

आणि त्या टाळ्यांमध्ये प्लेअर बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याने आपली पुढची फाइल लावली.

मोठ्या स्क्रीनवर आमची लिव्हिंग रूम. ईशा शूट करतेय. स्टुलाजवळ मी, एका हातात गौरीपुढची दिव्यांची माळ, दुसऱ्या हातात सॉकेटमधून नुकती उपटलेली काळी वायर.

ईशाचा आवाज: "मॉम, इजन्ट दॅट युअर ड्राइव्ह?"

आणि माझा, स्पीकरवरून, स्पष्ट: "असू दे गं! मी तशी सेटिंग केलीये. ड्राइव्ह नसला तरी कुणी तक्रार करणार नाही."

अख्खा हॉल हसून लोळला. झाडाचे बाबा खुर्चीवरून खाली आले. मंदाकाकूंनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नाटक छानच झालं गं. पण दुसरा अंक जास्त रंगला."

घरी येताना मिलिंद चकार शब्द बोलला नाही. हायवेवर शेवटी मीच विचारलं, रागावलायस का?

"छे," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हाच मी नोफेल टाकून ठेवलंय."