सोबतीच्या गोपिकाकाकू

मानेवाड्याच्या त्या गल्लीत कुणाचं ऑपरेशन ठरलं, की डॉक्टरांच्या आधी गोपिकाकाकूंना विचारायचं अशी पद्धतच पडून गेली आहे. काकू सोबतीला जातात. रक्त तपासायला, मुलगी बघायला, पासपोर्टच्या ऑफिसात, कुणाचा नवरा गावाला गेला असेल तर रात्री झोपायला. तिथं जाऊन त्या करत काहीच नाहीत. मांडीवर पिशवी घेऊन बसतात. पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचे लाडू. घाबरलेल्या माणसाला त्या इतकं खोदून खोदून काहीबाही विचारतात, की त्याला घाबरायला सवडच मिळत नाही. आणि दवाखान्यात 'पेशंटसोबत कोण आहे?' असा पुकारा झाला, की 'मी आहो' म्हणून उभं राहावं तर काकूंनीच. नगरसेवकही इतक्या रुबाबात उभा राहत नसेल.

तेव्हा शेजारच्या वैभवीच्या शाळेत युरोपातली मुलं आठवडाभरासाठी येणार आणि त्यातली एक वैभवीच्याच घरी उतरणार, हे कळल्यावर काकूंनी बोलावण्याची वाट पाहिलीच नाही. वैभवीचे बाबा हिंगण्याला कंपनीत, आई बँकेत. परक्या मुलखातली पोर, तिला सोबत नको? काकू पिशवीसकट हजर झाल्या.

पोर हॉलंडची होती, नाव फेमके, उंचीनं दाराच्या चौकटीला टेकलेली. काकूंनी तिची फेमी करून टाकली. पण फेमीला सोबत नको होती. शाळेतून आली की ती एकटीच गल्लीत फिरायला निघे; काकू मागे. ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिरे. काकू दुकानाच्या पायरीवर. ती खोलीत जाऊन दार लोटून घेई, तर काकू बाहेर खुर्ची टाकून बसत आणि मधूनमधून "आहे ना वं?" म्हणून विचारत. शेवटी फेमीनं वैभवीला गाठून विचारलं, माझं काही चुकलं का, या बाई माझ्यावर पहारा का ठेवतात?

वैभवीनं ते जमेल तेवढं गोड करून काकूंच्या कानावर घातलं.

"काकू, तिच्याकडे पोरी शाळेत बी एकट्याच सायकलनं जातात. तिले वाटते, तुम्ही तिच्यावर नजर ठेवून राहिल्या."

"एकटी काहून जाते?" काकूंना खरोखरच कळेना. "घरी कोणी नाही काय तिच्या?"

"सारे आहेत. तिले एकटं बरं वाटते."

हे काकूंना लागलं. फार लागलं. तशीही हल्ली बोलावणी कमीच झाली होती. लोक मोबाइलवर गाडी मागवतात, एकटेच दवाखान्यात जाऊन येतात आणि वर फोटोही टाकतात. आता सोबत कुणालाच नको असेल तर गोपिका नावाच्या बाईनं करायचं काय? काकू तरातरा घरी गेल्या आणि रागारागानं एक लाडू तोंडात टाकला. पुढच्याच क्षणी गाल धरून खाली बसल्या.

काकू रुसल्या की काय म्हणून बघायला आलेल्या दोघी पोरी नेमक्या तेव्हाच दारात पोचल्या.

"काय झालं, काकू?"

"काही नाही वं. दाढ आहे. दिवाळीपासून ठणकून राहिली."

"मंग काढली काहून नाही? अर्ध्या गल्लीच्या दाढा तुम्हीच तर काढून आणल्या."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "मले भेव वाटते." आणि पाठोपाठ, "अन् मी कोणाले म्हणू, चाल माह्यासोबत म्हणून?"

वैभवीनं त्याचं इंग्रजी केलं. फेमी काहीतरी बोलली.

"काय म्हणून राहिली ते?"

"म्हणते, शनिवारी शाळेनं आम्हाले घरच्यांसोबत कुठंतरी जायले सांगितलंच आहे. तिकडंच जाऊ."

त्या शनिवारी बाकीची पाहुणी मंडळी फुटाळा तलावावर भाजलेली कणसं खात होती आणि फेमी दाताच्या दवाखान्यात काकूंची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. येताना ऑटोत वैभवीनं तिला काकूंची सगळी रीत समजावून दिली होती. फेमीनं ती मनापासून उचलली. तुमच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं, माहेरच्या म्हशीचं नाव काय, ती लाथ मारायची का? भाषांतर करून करून वैभवीचा घसा सुकला. म्हशीपाशी आल्यावर काकूंना हसू फुटलं, गालावर हात दाबून त्या हसल्या.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं, "गोपिका भोयर. सोबत कोण आहे?"

इतक्या वर्षांची सवय. काकूच ताडकन उठल्या. "मी आहो."

बाकावरची माणसं हसली. काकू ओशाळल्या. फेमीनं हलकेच त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं, पिशवी काखेत मारली आणि आपण उभी राहिली. अगदी काकूंच्याच रुबाबात ती म्हणाली, "मी आहो."