चोवीस शब्द पत्र्यावर

त्या रविवारी घरात आम्ही चौघं व्हतो. मी, माझी लेक, माझा थोरला मुलगा, आन् शेजारच्या खोलीतली कानडी अक्का. अक्का निम्मा येळ बाहेर पायरीवर बसलेली व्हती, पण तिलाबी धरते, कारण कॉफी तिनंच आणली.

बेंगळुरातल्या पीण्यात कारखान्यांच्या मागं आमच्या दोन खोल्या हायत. निपाणीकडनं आलो त्याला लई वर्सं झाली. नवरा लवकर गेला. मग मी एका छोट्या कारखान्यात नंबर पाडायच्या कामाला लागले. मशीनच्या पाट्यांवर, पार्टांवर पंच धरायचा आन् वर हातोडा हाणायचा. एका पंचाला एक अक्षर. शाळा माझी दुसरी, तीबी मराठीत. इंग्रजी अक्षरं मी पंचावरच शिकले, तीबी उलटी, कारण पंचावर अक्षर उलटं असतं. बारकी अक्षरं पुढं लेकीच्या वहीतनं उचलली. अर्थ न्हाई कळत, पण अक्षर कुठलं ते मी अंधारात बोटानंबी सांगते. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं गेलं त्या कामात.

लेकीनं कुरिअरचं खोकं चौरंगावर ठेवलं आन् कात्री हातात घेतली, तशी मी हातातलं निवडणं टाकून जवळ सरकले. दोन म्हैने ती या खोक्याचंच बोलत व्हती.

लग्न मोडून ती माझ्याकडं आली तवा हातात एक बॅग आन् लॅपटॉप. दागिने तिकडं ऱ्हायले, पगाराचं खातं तिकडच्यांच्या हातात ऱ्हायलं. घरबसल्या एका परदेशातल्या कंपनीचं काम ती करायची, ते लोक थोडा पगार बिटकॉइनमध्ये द्यायचे. ते काय असतं हेच सासरी कुणाला ठावं न्हवतं, म्हणून तेवढं तिचं वाचलं. तिचं म्हणावं असं दुसरं काई न्हवतं. ते सगळं मोबाईलच्या एका ॲपमध्ये पडलेलं. तसल्याच दुसऱ्या एका ॲपवर चोरी झाली आन् लोकांचं गेलं, ही बातमी वाचल्यापासनं तिचं जेवणात लक्ष न्हवतं.

"आई, ॲपमध्ये ठेवलं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात ठेवलं. किल्ली त्याच्याकडे."

मला हे कुणी समजावून सांगायची गरज न्हवती. मी चीटी, म्हंजे आपली भिशी, लावली व्हती एका बाईकडं, हिच्या लग्नासाठी. एका सकाळी बाईच्या दाराला कुलूप. गेलं ते गेलं. रडत बसायला येळ न्हवता, कारखान्यात पैली पाळी व्हती माझी.

"मग काढ तिथनं," मी म्हटलं. "आजच काढ."

खोक्यातनं निघालं ते आगपेटीएवढं. बारकी काच, दोन बटणं. मुलगा म्हणाला, "एवढ्याशा डबीत तुझं सगळं मावणार व्हय गं?"

"याच्यात पैसे नसतात दादा, किल्ली असते," लेक म्हणाली. तिनं सील चारी बाजूंनी बघितलं. "बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवलंय. वापरलेलं घ्यायचं नाही. आणि आत शब्द आधीच छापून आले असतील, तर समजायचं फसवलं."

शब्द म्हणजे काय, ते तिनं मला बसवून सांगितलं. यंत्र स्वतः चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. यंत्र हरवलं, फुटलं, तरी त्या शब्दांवरनं नव्या यंत्रात सगळं परत येतं. पण ते शब्द ज्याच्या हाती लागले, त्यालाबी सगळं मिळतं. त्याला यंत्र नको, पिन नको, काई नको.

मग तिनं पडदा ओढला. "मोबाईल सगळे बाहेर."

"माझाबी?" मुलगा.

"तुझा पहिला. आणि तूही बाहेर."

अक्का हसली. "नानू, मीबी बाहेर का? मी काय तुमचं सोनं चोरते, अम्मा?"

"अक्का, राग मानू नका, सख्ख्या भावाला काढलंय," लेक म्हणाली. "सरी, सरी," म्हणत अक्का पायरीवर जाऊन शेंगा सोलत बसली.

मला मातर लेकीनं आत ठेवलं. एकेक शब्द काचेवर यायचा, ती कार्डावर लिवायची, मी अक्षरं ताडून बघायची. चोवीस झाले. मग यंत्रानंच उलटतपासणी घेतली, बरोबर निघालं. मग कार्ड पालथं घालून तिनं आपला मोबाईल आत आणला आन् आधी चिमूटभर बिटकॉइन पाठवून बघितले. आले. मग सगळे पाठवले. घटकाभरानं काचेवर आकडा उमटला तशी ती लहानपणी उड्या मारायची तशी उडाली, आन् मी टाळ्या पिटल्या. दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं.

आन् इथं माझी चूक झाली. माझीच.

आमच्या कारखान्यात आयुधपूजेला मशीनला हळदकुंकू लावायचं, आन् मशीनचा कागद, त्याचं ड्रॉइंग, तेबी मशीनच्या पुढ्यात उभं करायचं. कागद मशीनपासनं तोडायचा न्हाई, असा तिथला नेम. वीस-बावीस वर्सं मी तेच केलेलं. लेक हात धुवाय मोरीत गेली. मी चौरंगावर यंत्र ठेवलं, कुंकू लावलं, अक्काच्या गजऱ्यातली दोन फुलं वाहिली, आन् ते चोवीस शब्दांचं कार्ड समईला टेकवून उभं केलं. तोंड आमच्याकडं.

मुलानं हौसेनं फोटो काढला आन् घराण्याच्या ग्रुपवर टाकला. "घरात नवीन मशीन आलं." निपाणी, बेळगाव, पुणं, सगळीकडचे त्यात हायत.

लगोलग टिंग टिंग. "अभिनंदन!" "कसलं मशीन?" एका मावशीनं तर इचारलं, "कार्डावर काय रेसिपी हाय का गं?"

मुलगा ते हसत वाचून दाखवत व्हता. लेक मोरीतनं तशीच ओल्या हातानं आली. मोबाईल बघितला. तोंड पांढरं पडलं.

"दादा, हे काय केलंस?"

त्यानं झटकन फोटो पुसला. "गेला बघ. पुसला की."

"बारा जणांनी बघितलाय. सगळ्यांच्या मोबाईलात उतरला असेल तो. तिथून कुठं कुठं जातो."

"आपलीच मानसं हायत गं, चोर थोडीच—"

"त्यांच्या पोरांचे मोबाईल, त्या मोबाईलातली ॲपं, तीही आपलीच का?"

"कार्ड मी ठेवलं," मी म्हटलं. "त्याला बोलू नको. आता काय करायचं ते सांग."

तिनं एक श्वास घेतला. म्हणाली, हे शब्द आता मेले. सगळं परत ॲपमध्ये पाठवायचं, यंत्र पुसायचं, नवे शब्द घ्यायचे. पण कुणी हात घालायच्या आत. बिटकॉइन कुठं पाठवायचे त्याचा पत्ता म्हणजे अक्षरांची लांब माळ. ती मोबाईलवर दिसते आन् यंत्रावरबी दिसते. दोन्ही अक्षर-अक्षर जुळलं तरच बटण दाबायचं, एक जरी चुकलं तरी भलत्याकडं जातं, परत येत न्हाई. आन् ही तर घाईत दोनदा मधीच चुकली.

"आण इकडं," मी म्हटलं. "यंत्रावरचं मी वाचते. दादा, तू मोबाईलवरचं बघ."

"बी. सी. एक. क्यू," मी सुरुवात केली.

"व्हय. व्हय. व्हय. व्हय."

मी वाचत गेले. एकदा तो म्हणाला "थांब, कुठं व्हतो?" तर मी म्हटलं, "बोट ठेव येड्या, पाटीवर नंबर पाडताना बोट ठेवतेत." आख्खी माळ जुळली. लेकीनं दोन्ही बटणं दाबली.

मग वाट बघणं. दहा-पंधरा मिंटं. अक्काला सगळं कळलं न्हवतं, पण तिनं फिल्टर कॉफी करून आणली, लेकीच्या हातात दिली आन् नुसती म्हणाली, "बरतदे. येतंय." ॲपमध्ये हिरवी खूण आली तवा माझी कॉफी गार झाली व्हती, पण तशी गोड कॉफी मी कधी प्याले न्हाई.

जुनं कार्ड मी गॅसवर धरलं, राख मोरीत. यंत्र पुसलं. पडदा ओढला, मोबाईल बाहेर, मुलगा बाहेर, अक्का आपणहून बाहेर.

"या बारीला कागद नको," मी म्हटलं. "कागद भिजतो, जळतो आन् फोटोतबी येतो. पत्रा घे."

मुलानं तो काम करतो त्या वर्कशॉपातनं स्टेनलेसची पट्टी आणून दिली आन् दारातनंच मागं फिरला. माझं कारखान्यातलं काम सुटलं तवा सुपरवायझरनं मला जुना पंचांचा डबा दिला व्हता. तो मी मांडला. लेक म्हणाली, शब्दाची पैली चार अक्षरं पुरेत, त्यावरनं शब्द वळखता येतो. चोवीस शब्द. अक्षर हुडकायचं, धरायचं, एकच घाव. दुसरा घाव पडला की अक्षर फाटतं. डोळ्याला आता दिसत न्हाई तेवढं, पण हात इसरला न्हवता. लेक शब्द दाखवायची, माझा हातोडा पडायचा. ठण. ठण. मला वाटलं मी तिशीतली हाय.

बाहेरनं अक्का वरडली, "एनु सद्दु, अम्मा? कसला आवाज? कारखाना काढला का?"

"स्वल्प काम हाय गं!" मी म्हटलं, आन् आम्ही मायलेकी हसून लोळलो.

पट्टी झाली. यंत्रानं दाखवलेला नवा पत्ता लेकीनं कागदावर उतरवून घेतला. अजून बिटकॉइन पाठवले न्हवते. तर लेकीनं यंत्र परत पुसून टाकलं. मुद्दाम. मी वरडले, "अगं येडी का खुळी? एवढं हाणलंय!"

"तुझं हाणलेलं खरं उतरलंय का, ते आत्ताच बघायचं, आई. मोकळं असताना."

पट्टीवरनं तिनं एकेक शब्द यंत्रात भरला. मी डोळे मिटून बसले. तेवीस. चोवीस. यंत्र जरा थांबलं. मग उघडलं, आन् पत्ता मगाचाच आला. मी तो यंत्रावरनं वाचला, तिनं कागदावर ताडला. मग पट्टी झाकली, मोबाईल आत आणला, त्यातला पत्ताबी ताडला, आन् तिनं आधी चिमूटभर पाठवले, मग सगळे.

आता ते तिचंच हाय. कुठल्या ॲपवाल्याचं न्हाई, सासरचं न्हाई, माझंबी न्हाई. किती हाय ते मी इचारलं न्हाई, आन् पट्टी कुठं हाय ते मी इथं सांगणार न्हाई.

हे वाचणाऱ्यांना एवढंच मागणं हाय. असलं यंत्र घरात आणलंत तर पूजा करा, पेढे वाटा, पण ते शब्द कुठल्या मोबाईलपुढं येऊ देऊ नका. आन् चुकून आलेच, तर लाजू नका, झाकू नका. त्याच मिंटाला घरात सांगा.