आधी भरीत, मग हंस

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भुसावळच्या रेल्वे यार्डात आयुष्य काढलं. थंडीत पहाटेच्या पाळीला जाताना डोक्यावरून हंस ओरडत जायचे. ते त्यांनी वर्षानुवर्षं ऐकले, पाहिले मात्र कधीच नाहीत. अंधारात दिसणार काय? पुढे मला पक्षी पाहायचा नाद लागला. तेच हंस दिवसा हतनूर धरणाच्या काठाला बसतात, हे मी घरी सांगितलं, तेव्हा आबा हातातला चहा विसरले. "माले दाखव एकदाव," म्हणाले. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून गाडी, खुर्ची, धरायला माणसं अशी जमवाजमव आली. आणि आमच्या खान्देशात हिवाळ्यात चार माणसं गावाबाहेर निघाली नि भरीत झालं नाही, असं होतच नाही. भडगावहून काका-काकू आले. सोबत गोणीभर हिरवी वांगी, ती ठेचायची लाकडी बडगी, आणि वांगी भाजायला गाडीच्या टपावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. आपण पक्षी पाहायला निघालोय की वऱ्हाड घेऊन, असं मी बायकोच्या कानात म्हणालो.

पाण्यावर थापट्या बदकं होती, काळे वारकरी पक्षी होते, आणि पलीकडच्या चिखलात हंसांचा मोठा थवा. मी तिपाई आबांच्या खुर्चीच्या उंचीला आणून दुर्बीण लावू लागलो. तोवर काकांनी पऱ्हाट्या रचल्या. "आधी आबांना पाहू द्या," मी म्हणालो. त्यावर आबाच हसले.

"होऊ दे रे भरीत. पक्षी काय पळी जातस का?"

काकांनी काडी ओढली.

पेटलेल्या पऱ्हाट्यांपेक्षा फटाक्यांची माळ बरी. तडतड सुरू झाली, धूर थेट पाण्यावर गेला आणि अख्खा थवा उठला. ओरडत आमच्या डोक्यावरूनच गेला. आबांनी मान वर केली, पण डोळ्यांत धूर जाऊन नुसतं पाणी वाहत होतं.

"हाऊच तो आवाज शे," ते म्हणाले.

ऊन कलेपर्यंत थांबलो. थवा परतला नाही. भरीत मात्र फर्मास झालं होतं. मला घास उतरेना, तर आबाच माझ्या पानात पुरी वाढत म्हणाले, "पुढला साल देखसूत."

पुढच्या थंडीआधी आबा गेले. भरताचा विषय निघाला की काका अजून उठून बाहेर जातात. त्यांच्यावर रागावून तरी काय करू? पण मला वाईट वाटतं, फार वाटतं. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

आता मी एकटाच जातो. भरीत घरून डब्यात नेतो. हंस दुपारभर निवांत बसलेले असतात, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. त्या पाहायला मला जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. तिपाई अजून आबांच्या खुर्चीच्या उंचीलाच आहे. ती वर करायला हात धजत नाही.