बोनेटवरचं कुंकू

मधुभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी उजव्या हातात भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवली होती आणि डोळे मिटून ते एका पांढऱ्या गाडीच्या दारावरून हात फिरवत होते. अमरावतीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आदल्याच दिवशी राहायला आले होते आणि अकोल्याच्या ऑफिसला जायला उशीर झाला म्हणून धावत जिना उतरत होते. आजारी बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा गाडीवरून हात फिरवणारा हा माणूस पाहून मी थबकलेच.

"नवीन भाडेकरू तुमीच का?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. "मी खाली राह्यतो. घरमालक म्हना, पन घरपट्टी भरन्यापुरता."

"हे काय चाललंय?"

"डाग पाहून राह्यलो."

"डोळे मिटून?"

"डोयाले दिसते थो डाग कोनीबी काढते ताई. बोटाले लागते थो खरा." त्यांनी पिशवी काढून माझ्या हातात चढवली. दार आरशासारखं चकचकीत होतं, पण पिशवीतून हात फिरवला तर रवा सांडल्यासारखं खरखरीत लागलं. तेवढ्यात माझी बस चुकली.

मधुभाऊ गेले, त्यालाही आता एक उन्हाळा झाला. अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. उभं आयुष्य अमरावती-अकोला जाऊन येऊन काढलं. मी नेमकं तेच करायला लागले होते, म्हणून असेल, आमचं जमलं. संध्याकाळी मी धुळीनं माखून परत यायची, ते पायरीवर बसलेले असायचे आणि दोघंही काही न बोलता एकदम सुस्कारा सोडायचो. "थकलो बाप्पा," ते म्हणायचे. "थकले," मी म्हणायचे. झाल्या गप्पा.

गाडी त्यांची नव्हती. त्यांना चालवताही येत नसे. ती धाकट्या भावाची, विलासची. तो आखातात नोकरीला गेला तेव्हा गाडी दादाकडे ठेवून गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. लग्न तिकडंच झालं, नोकरी तिकडंच मानवली, आणि गाडी आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाखाली उभी राहिली. लिंबोळ्या तिच्यावर पडून फुटायच्या, पाखरं आपला प्रसाद ठेवून जायची आणि आमच्याकडचं ऊन ते सगळं रंगावर भाजून काढायचं. गल्लीतला एक जण रविवारी तिला बडनेऱ्यापर्यंत फिरवून आणायचा, तर नव्या रस्त्याचं डांबर पोटाशी चिकटून यायचं.

मग मधुभाऊंचा आठवडा सुरू व्हायचा. आधी नुसतं पाणी. मग खोबरेल तेलाचा बोळा डांबराच्या ठिपक्यावर ठेवायचा आणि बसून राहायचं. ठिपका मऊ झाला की अलगद टिपायचा. शेवटी अकोल्याच्या दुकानातून आणलेली, गाड्यांसाठीच मिळते ती चिकणमातीची वडी, साबणाचं पाणी मारत मारत फिरवायची. हातातून खाली पडली की ती वडी फेकून द्यायची, कारण तिला एखादा खडा चिकटला तर रंगाचं वाटोळं. फेकताना त्यांचा जीव तुटायचा. मी कधी घाई केली की म्हणायचे, "घाईनं रंग निंगते ताई, दमानं डाग निंगते."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी गाडी पुसायला घरच्या शेतातला कापूस वापरला होता. वऱ्हाडातल्या माणसाला कापसाहून मऊ या जगात काही असेल हे पटतच नाही. पण वेचणीच्या त्या कापसात बोंडाची वाळकी पत्ती होती आणि एका दारावर बारीक ओरखडे उठले. त्यांनी त्याच दिवशी विलासला फोन करून सांगितलं. विलास हसला आणि "असू दे ना दादा" म्हणाला. मधुभाऊंना मात्र ते "असू दे" लागलं. "आपल्याच कापसानं दगा देल्ला," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे, ती दिली तशी परत द्यायची, एवढं एकच ओझं त्यांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि ते खाली ठेवणं त्यांना जमत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर त्यांच्या दारात जत्रा असायची. सगळ्यांनी आपापल्या गाड्यांची पूजा केलेली, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आणि उन्हात ते डाग रंगात मुरलेले. माझ्या स्कूटीवरचं कुंकूही ते मातीची वडी फिरवून बोलता बोलता काढून द्यायचे. "देवाचं झालं, आता गाडीचं पाहू," असं वर पुटपुटायचे.

अशा माणसाच्या ताब्यातल्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर, डाव्या अंगाला, एक फिकट गुलाबी स्वस्तिक होतं. नीट पाहिलं तरच दिसेल असं. त्याचा एक हात वाकडा गेलेला. मला वाटलं, त्यांच्या नजरेतून सुटलं असेल. एका रविवारी ते पाणी आणायला आत गेले आणि मी मदत करावी म्हणून मातीची वडी उचलून तिथं फिरवायला गेले.

"हात काढा!" मागून असा आवाज आला की वडी माझ्या हातून खाली पडली. मधुभाऊ बादली तिथंच ठेवून धावत आले, वाकून स्वस्तिक पाहिलं, आणि मग बोनेटला टेकून उभे राहिले.

"मायनं काढेल हाय थे," ते म्हणाले. "गाडी घेतली तवा गावावरून आली व्हती. मी म्हनलं, माय, कुंकू पान्यात कालव. तिनं तेलात कालवलं. म्हने, पान्याचं वाहून जाते, माह्या लेकाच्या गाडीवर टिकलं पाह्यजे. हात थरथरे तिचा. थे वाकडं झालं पाहा, तितं बोट घसरलं."

विलास आखातात गेला आणि पुढच्याच हिवाळ्यात माय वारली. विलासला यायला जमलं नाही. तिचं लुगडं बहिणीनं नेलं, भांडी वाटली गेली. तिच्या हातचं काही उरलं असेल तर ते हेच, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीवर. ते सगळ्या गाडीवरून वडी फिरवायचे, पण स्वस्तिकाभोवती वीतभर जागा सोडून. पाणीसुद्धा त्यावर हळूच सोडायचे.

मग एका मे महिन्यात विलास आला. चांगला माणूस, दादाच्या पाया पडला, माझ्यासाठीही खजूर आणले. गाडी विकायची होती. तिवस्याचा एक तरुण पाहायला आला. त्याला नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. त्यानं गाडीला फेरी मारली, खूश झाला आणि बोनेटपाशी थांबला. "येवढा डाग काढून द्या काका. बाकी गाडी एक नंबर हाय."

"दादा काढून देईन ना," विलास म्हणाला. "दादा डांबर काढते, कुंकू काय चीज हाय!"

मी जिन्यात उभी होते. मधुभाऊंनी भावाकडे पाहिलं. हे कुणाचं बोट आहे, ते विलासला आठवेल म्हणून ते थांबले असावेत. विलास मोबाइलमध्ये पाहत होता.

"थो नाई निंगत," मधुभाऊ म्हणाले. "लय करून पाह्यलं. रंगात उतरला हाय."

"तुह्यानं नाई निंगत म्हनजे मंग कोनाच्यानंच नाई निंगनार," विलास म्हणाला, आणि गाडी तशीच गेली. आयुष्यभर खरं बोलून थकलेला तो माणूस खोटं बोलला, आणि तेही किती सहज! पण गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते तिच्यामागं चालत गेले.

नंतर ते सकाळी बाहेर यायचे, लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि आत जायचे. "आता आराम हाय," म्हणायचे. आरामानं माणूस इतका वाळतो हे मी तेव्हा पाहिलं. पावसाळा संपल्यावर मी जुनी गाडी घेतली आणि एका सुट्टीत त्यांना तिवस्याला त्यांच्या बहिणीकडे घेऊन निघाले. नांदगाव पेठला चहाला थांबलो, तर टपरीसमोर तीच पांढरी गाडी. ती विकत घेणाऱ्या त्या तरुणानं आम्हाला ओळखलं, धावत आला.

"काका, तुमी त म्हनत व्हते निंगत नाई. इथल्या वॉशिंगवाल्यानं चहा होयेपर्यंत काढलं! पाहा ना, दिसते काई?"

काही दिसत नव्हतं. बोनेट पांढरंफेक होतं. मी मधुभाऊंकडे पाहायचं टाळलं. मधुभाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "चांगला कारागीर हाय तुमचा. हात लावू का?"

त्यांनी खिशातून ती पातळ पिशवी काढली. म्हणजे एवढे महिने ती खिशातच होती. ती हातात चढवली, डोळे मिटले आणि डाव्या अंगाला हात ठेवला. हात हळूहळू सरकला, खाली आला, एका जागी वाकडा वळला आणि थांबला.

"हाय," ते म्हणाले. "लागते." त्यांनी पिशवी काढून मला दिली. "पाहा बरं ताई."

मी पिशवी चढवली, डोळे मिटले आणि त्या जागी हात फिरवला. बशीसारखं गुळगुळीत होतं. परत फिरवला.

"लागतंय," मी म्हणाले.

मधुभाऊंनी पिशवी माझ्याकडून परत घेतली आणि नीट घडी करून खिशात ठेवली. "चला," ते म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला."